ड्रोन जमीन नेत नाही

गावठाणावर ड्रोन घिरट्या घालू लागला की बारामती-इंदापूरकडे पारावर एकच बोलणं: "सरकार जमिनी हेरतंय." उजनी धरणाच्या पाण्यात जुनं पळसदेव गेलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांच्या धास्तीला हसण्यात अर्थ नाही. पण रोख चुकतोय. स्वामित्व योजनेतला ड्रोन शेत मोजत नाही, गावठाण मोजतो. योजना 2020 ची, पण प्रयोग त्याआधीच पुरंदरच्या सोनोरीत झाला होता. मोजणीनंतर घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. घोळ होतो तो खाली. उड्डाणाआधी घराच्या, परसाच्या हद्दीवर चुना टाकतात. त्या दिवशी तुम्ही गावात नसलात आणि शेजाऱ्याने चुना बोळाच्या अल्याड ओढला, तर वरून तीच हद्द दिसणार. मात्र "ड्रोनने मोजलं, आता बोलून काय उपयोग" हेही खरं नाही. भूमी अभिलेखची चौकशी नंतर होते, हरकत तिथे नोंदवायची.

दुसरी ओरड: "सातबारा ऑनलाइन गेला, आमचं सगळं चव्हाट्यावर आलं." सातबारा गुप्त कधीच नव्हता. काळजी करायचीच तर शेतकरी ओळख क्रमांकाची करा: आधार आणि तुमचे सगळे गट एकाच नंबराला बांधलेले. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी तो सक्तीचा आहे.

मग 2023 चा माहिती संरक्षण कायदा आहे की! आहे, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हेही खरं. पण सरकारदरबारी आधीच असलेली माहिती अनुदानासाठी वापरायला या कायद्यात तुमची नवी संमती लागत नाही. शिवाय सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्राला आपल्याच यंत्रणांना सूट देता येते. कुंपणाला फाटक ठेवलंय, किल्ली सरकारच्या खिशात.

मालमत्ता मात्र 1979 पासून मूलभूत हक्क राहिलेली नाही. 44 व्या घटनादुरुस्तीने तो गेला. उरला अनुच्छेद 300-अ: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. तोही लेचापेचा नाही. हिमाचलमध्ये रस्त्यासाठी जमीन घेऊन सरकारने मोबदला दिला नाही, वर "इतकी वर्षं ताबा आमचाच" असा दावा केला. 2020 मध्ये विद्या देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली.

राहिला सगळ्यात महागात पडणारा समज: "आम्ही सही केली नाही तर रस्ता होत नाही." पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि 1956 चा महामार्ग कायदा तुमची संमती विचारतच नाही. आधी राजपत्रात अधिसूचना, मग दोन वर्तमानपत्रांत बारीक टायपातली जाहिरात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. गट नंबर तिथे शोधायचा. हरकतीला 21 दिवस. पुढची घोषणा निघाली की जमीन केंद्राची. मग भांडण फक्त दराचं, तेही लवादापुढे. आणि हे 21 दिवस राजपत्रात छापून आल्यापासून मोजतात, कोतवाल दारात आला त्या दिवसापासून नव्हे.