थकलेला हप्ता आणि दारातला माणूस

बेताच्या पगारातही पंखा, रेडिओ, शिलाई मशीन दरमहा हप्त्याने घरी नेता येतं, हे तामिळनाडूला चेन्नईच्या दुकानांनी शिकवलं. व्ही. जी. पन्नीरदास यांच्या 'व्हीजीपी'ने हप्त्यावरची विक्री रुजवली. तिथे विक्रेता म्हणून उमेदवारी केलेल्या एच. वसंतकुमार यांनी 1978 मध्ये स्वतःची 'वसंत अँड कंपनी' काढली. त्याआधी, 1954 मध्ये, कर्ज देणारी सुंदरम फायनान्सही याच शहरात सुरू झाली होती. उधारीचा बाजार असा फोफावला, पण घेणाऱ्याला आधार देणारा कायदा मागेच राहिला. संसदेने 1972 मध्ये भाडेखरेदी कायदा संमत केला खरा, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि शेवटी रद्द झाला.

हप्ता थकला की घरात पहिली येते ती भीती. ती वसुलीवाल्यांनी जोपासलेली असते. चेन्नईत तिची रूपं अनेक. तिथे व्याजाला वट्टी म्हणतात, आणि कंदुवट्टी, मीटरवट्टी, ताशी वट्टी या भरमसाट व्याजाच्या सावकारी प्रकारांवर 2003 मध्ये राज्याला वेगळा कायदाच करावा लागला. पुढे ही दंडेली मोबाइलमध्ये शिरली. झटपट कर्ज देणारी अॅप फोनमधले सगळे नंबर उचलत आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना, ऑफिसातल्या सहकाऱ्यांना फोन करून कर्जदाराची अब्रू काढत. जानेवारी 2021 मध्ये चेन्नई पोलिसांनी अशा एका टोळीतल्या चौघांना पकडलं. त्यांत दोन चिनी नागरिक होते आणि वसुलीचे फोन बंगळुरूच्या कॉल सेंटरमधून जात होते. एप्रिल 2025 मध्ये तामिळनाडूच्या विधानसभेने जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध आणखी एक कायदा संमत केला.

हे कायदे तामिळनाडूपुरते, पण चेन्नईच्या साहूकारपेठेत सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात असलेल्या खानापूर-आटपाडीच्या मंडळींना आणि पुण्या-नाशिकच्या वाचकांनाही रिझर्व्ह बँकेचे नियम सारखेच लागू आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या आदेशानुसार थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातलगांना किंवा मित्रांना त्रास देणं, सगळं निषिद्ध. बँकेच्या एजंटाजवळ ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असलंच पाहिजे. दारात उभ्या माणसाकडे आधी तेच मागा, फोटो काढून ठेवा आणि पैसे रोख हातात देऊ नका. तक्रार बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते.

'पोलीस नेतील' ही धमकी तर सर्रास दिली जाते. चेक वटला नाही किंवा फसवणूक केली तर गोष्ट वेगळी, पण नुसतं कर्ज थकणं हा गुन्हा नव्हे. ऐपतच नसलेल्या माणसाला केवळ देणं फिटलं नाही म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं. वस्तू कर्जाला तारण असेल तर करारानुसार ती परत घेता येते, पण दंडेली करून नाही. तारण नसेल तर सावकाराला दिवाणी दावाच लावावा लागतो. निकाल विरुद्ध गेला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, गरजेचे कपडे, कारागिराची हत्यारं आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने यांवर जप्ती येत नाही. मंगळसूत्र आणि तामिळनाडूतली ताली त्यातच मोडतात. ज्या महाराष्ट्रात मे 1875 मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, तिथे हे कलम घराघरांत माहीत असायला हवं.

जुन्या उधारीबाबत एक सावधगिरी मात्र बाळगा. साधारणपणे तीन वर्षांत दावा लावला नाही तर त्याची मुदत संपते. पण त्याआधी 'हो, देणं आहे' असं लिहून सही केली की मुदत नव्याने सुरू होते. पाचशे रुपये भरले आणि त्याची तुमच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद राहिली, तरीही तेच. देणं फेडायचंच असेल, आणि शक्य असेल तर फेडावंच, तर आधी रक्कम, व्याज, दंड यांचा हिशेब लेखी मागा. तडजोड ठरली तर तिचं पत्र हाती आल्यावरच पैसे भरा. कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलच्या नोंदीत 'सेटल्ड' (तडजोडीने मिटवलेलं) आणि 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलेलं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँक त्यातली नेमकी कोणती आहे ते पाहते.