इंजिन बंद पडले तर?

हेलिकॉप्टरचे इंजिन आकाशात बंद पडले, की ते दगडासारखे खाली यावयाचे, अशी तुमची-आमची समजूत असते. विमानाला निदान पंख तरी असतात. या बिचाऱ्याला काय आहे? पण डोक्यावर गरगरणारी ती पाती हेच त्याचे पंख. जत्रेतले भिरभिरे घेऊन मूल धावत सुटले, की वारा ते आपोआप फिरवतो. तसेच हेलिकॉप्टर खाली येऊ लागले, की खालून वर जाणारी हवा पात्यांना फिरवीत ठेवते. पायडल थांबवले तरी सायकलचे चाक फिरत राहते, तशी पाती इंजिनापासून सुटी होण्याची सोयही यंत्रात असते. या उतरण्याला वैमानिक ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात. (माधवीलतेचे तीन पंखांचे फळ असेच गिरक्या घेत जमिनीवर येते. ‘शाकुंतल’ शिकवताना माधवीचे नाव निघते, पण या गिरक्यांकडे आम्हा प्राध्यापक मंडळींचे लक्ष सहसा जात नाही!)

अट मात्र एक. वैमानिकाच्या डाव्या हाताशी असलेला दांडा तत्क्षणी खाली गेला पाहिजे, म्हणजे पात्यांचा तिरपेपणा कमी होऊन त्यांचे फेरे टिकतात. उशीर झाला की फेरे घटतात, आणि एका मर्यादेखाली गेले की उंची कितीही शिल्लक असो, ते परत मिळत नाहीत.

आता ‘रॉबिन्सन आर-२२’ हे दोन आसनांचे यंत्र पाहा. फ्रँक रॉबिन्सन यांनी कॅलिफोर्नियात घडवलेले हे हेलिकॉप्टर १९७५ साली प्रथम उडाले आणि १९७९ साली त्याला प्रमाणपत्र मिळाले. रिकामे असताना वजन सुमारे ४०० किलो. रॉबिन्सन यांच्या मनात होते ते हौशी मालकाचे खाजगी वाहन. पण स्वस्त म्हणून ते उचलले शिकवणाऱ्या संस्थांनी. त्याची पाती हलकी. जड पात्यांत फिरण्याचा जोर साठून राहतो. इथे गाठीला फार थोडे, आणि दांडा दाबायला मिळतो जेमतेम एक-दीड सेकंद. म्हणूनच अमेरिकेच्या विमानखात्याने १९९५ साली या यंत्राच्या वैमानिकांसाठी खास प्रशिक्षणाचा नियम केला.

आणि इथेच खरी गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, आहे. खरे इंजिन क्वचितच बंद पडते; पण ते बंद पडल्याचा सराव करताना अनेक यंत्रे मोडली आहेत, माणसेही गेली आहेत. खुद्द कंपनीनेच वैमानिकांना तसा इशारा दिला आहे. विद्यार्थ्याला न सांगता एकदम थ्रॉटल मिटवून त्याची परीक्षा पाहणे हा त्यातला सर्वांत घातक प्रकार. मला तर तो शिक्षकाच्या अहंकाराचाच प्रकार वाटतो. विद्यार्थी गांगरला, की तो एक सेकंद गेलाच! म्हणून आधी सांगून, हळुवारपणे थ्रॉटल कमी करावयाचे, तेही पुरते नाही. कारण सरावात इंजिन खरोखरच थांबल्याचे प्रसंग घडले आहेत.

मग सुमारे ६५ नॉट वेगाने उतरण सुरू होते. जमिनीपासून १०० फुटांवर हिशेब तपासावयाचा: फेरे ठीक आहेत? वेग ६० ते ७० नॉटच्या आत? उतरण मिनिटाला १,५०० फुटांहून कमी? वळणे संपली? एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर तिथेच इंजिनाची शक्ती घेऊन सराव सोडून द्यावयाचा. उंच, उष्ण प्रदेशात हवा विरळ असते; तिथे हा निर्णय २०० फुटांवर किंवा त्याहूनही वर. विद्यार्थ्याला वाटते, आता आलेच जमते, थोडेसे सावरू. आणि त्या ‘थोडेसे’पायीच घात होतो. अशा वेळी शिक्षकाने त्याच्या मनाची भीड ठेवून चालत नाही.

सगळे जमले, तर सुमारे ४० फुटांवर नाक वर उचलून वेग मारावयाचा. त्याने पात्यांचे फेरेही थोडे वाढतात. खरोखरच इंजिन गेले असेल, तर शेवटच्या काही फुटांत दांडा वर ओढून ही पुंजी खर्च करावयाची, आणि ती एकदाच खर्च होते. सरावात मात्र थ्रॉटल पुन्हा उघडून जमिनीच्या जरा वर अधांतरी थांबतात. असे लागोपाठ तीन किंवा चार वेळा, अधिक नाही. विद्यार्थी थकतो हे दिसते. शेजारी बसलेल्या शिक्षकाचे लक्ष उडालेले कुणाला दिसत नाही.