गाडीखालचा आवाज आणि ‘व्हेरिएबल वेगळे करणे’

पेट परीक्षेची तयारी करणारे बरेच जण विचारतात, ‘व्हेरिएबल वेगळे करायचे म्हणजे नेमकं काय करायचं?’ व्याख्या बाजूला ठेवू. आमच्या जुन्या गाडीचंच उदाहरण घेऊ.

वेग ४०च्या पुढे गेला की गाडीखालून ‘घूंऽऽ’ असा आवाज यायचा. बाबा म्हणाले, टायर झिजलेत. मीही मान डोलावली आणि फेलोशिपच्या पैशातून पुढचे दोन टायर नवे टाकले. आवाज जसाच्या तसा! एकच शक्यता धरली आणि ती तपासायच्या आधीच खर्च केला, ही चूक माझी. मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे लावून बघितलं असतं, तर थोडक्यात कळलं असतं.

मग वही काढली. एकाच गिअरमध्ये वेग वाढला की चाकांचे आणि इंजिनाचे, दोन्हींचे फेरे वाढतात. मग आवाज कोणामुळे वाढला? दोन्ही एकत्र बदलताहेत तोवर उत्तर मिळत नाही. म्हणून मोकळ्या रस्त्यावर वेग ५०वर ठेवला आणि फक्त गिअर बदलला. आधी चौथा, मग तिसरा. इंजिनाचे फेरे वाढले, घूं मात्र तेवढीच. म्हणजे आवाज चाकांशी बांधलेला.

उरले टायर आणि व्हील बेअरिंग. टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलतो. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेलो, तरी घूं तशीच. पुढे वळणं. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. उजव्या वळणावर आवाज वाढायचा, डाव्या वळणावर कमी व्हायचा. संशय डाव्या बेअरिंगवर.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. वळणाची खूण कधीकधी फसवते. म्हणून वेगळ्या पद्धतीची चाचणी हवी. गॅरेजमधल्या दादांनी गाडी लिफ्टवर घेतली, सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. पुढे डावीकडे हाताला खरखर लागली, उजवीकडे काही नाही. उजवं चाक म्हणजे आमचा ‘कंट्रोल’! बेअरिंग बदललं, आवाज गेला. आई-बाबा याच गाडीने घाटातून ये-जा करतात आणि बेअरिंग पुरतं गेलं तर चाक ढिलं पडू शकतं, हे कळल्यावर टायरच्या पैशांचं दुःख जरा कमी झालं.

(घरी करून बघणार असाल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.)

प्रयोगात विचित्र रीडिंग आलं की लगेच सेन्सर बदलायची घाई करू नका. आधी वहीत दोन ओळी लिहा: कोणत्या गोष्टी एकत्र बदलताहेत? आणि त्यांना वेगळं करणारी सगळ्यात स्वस्त चाचणी कोणती?