पोकलेनच्या इंजेक्टरमधील विद्युतदोषाचे निदान

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव, मंगरूळपीर व कारंजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. अशा कामांवरील आधुनिक पोकलेनमध्ये कॉमन रेल इंजिन असल्यास इंधनाची फवारणी संगणक नियंत्रित करतो. इंजिन अडखळून दोषसंकेत उमटला की महागडा इंजेक्टरच बदलण्याची घाई होते. जुना दोष मात्र तसाच राहतो. वस्तुतः विद्युतदोषाचा संकेत संपूर्ण परिपथाविषयी असतो. त्यात वायर, कनेक्टर व कॉइल हे सर्व येतात. म्हणून इंजिन बंद करून प्रथम वायर व कनेक्टर तपासावेत, नंतर सर्व कॉइलचे रोध परस्परांशी ताडावेत. सोलेनॉइड प्रकारात रोध बहुधा एक ओहमहून कमी असल्याने मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करणे अगत्याचे आहे. थंड स्थितीत निर्दोष भासणारी कॉइल तापल्यावर खंडित होऊ शकते. यास्तव इंजिन तापवून, बंद करून मापन पुन्हा घ्यावे. चालू इंजिनात या वायरींना स्पर्श करू नये, कारण पुष्कळ प्रणालींत तेथील दाब २४ व्होल्टच्या दुपटीहूनही अधिक असतो.