टायर झिजतात म्हणून शर्यत रंगते

विजयदुर्गाचे नाव निघाले की विज्ञानाच्या मासिकात १८६८ चे सूर्यग्रहण आणि हेलियम यांची गोष्ट यायचीच. आज आपण किल्ल्याकडे न वळता एस.टी. स्टँडवर जाऊ या. कोल्हापूरला निघणाऱ्या गाडीच्या टायरवरून हात फिरवून पाहा (गाडी उभी असताना, आणि ड्रायव्हरकाकांना विचारून!). खोल खाचांची नक्षी हाताला लागली तर टायर नवा, किंवा जुन्यावर नवे रबर चढविलेला. गुळगुळीत लागला तर आपल्याकडे म्हणतात तसा त्याचा ‘गोटा’ झालेला. तळेरे, वैभववाडी मागे टाकून गाडी करूळ घाट चढू लागते, तेव्हा प्रत्येक वळणावर त्या रबराचा थोडासा अंश रस्त्यावर राहतो.

पावसाळ्यात असा गोटा झालेला टायर धोक्याचा, हे तुम्हांला ठाऊक आहे. खाचांचे काम पाण्याला वाट करून देण्याचे. ती वाट बुजली की रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो आणि चाक अक्षरशः तरंगू लागते. म्हणूनच मोटारीच्या टायरवरील खाच निदान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे.

आता घाट चढून कोल्हापूरला या. तेथे मोहित्यांचा शर्यतीचा ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तेथे झालेल्या आहेत. कार्ट म्हणजे जमिनीलगत बसून चालवायची छोटी शर्यतीची गाडी. कोरड्या ट्रॅकवर धावणाऱ्या कार्टचे टायर पाहिलेत तर चकित व्हाल. त्यांवर नक्षी मुळीच नसते. ते मुद्दामच गुळगुळीत केलेले असतात! पाणीच नसेल तर खाचा हव्यात कशाला? खाचांची जागा भरून काढली तर तेवढे जास्त रबर रस्त्याला टेकते.

पण थांबा, घर्षण स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, असे तुम्ही पुस्तकात वाचले आहे ना? लाकूड, लोखंड यांना तो नियम बऱ्यापैकी लागू पडतो. रबर मात्र तो नीटसा पाळत नाही. ते रस्त्यावरच्या बारीक उंचवट्यांभोवती दबून बसते आणि त्यांना चिकटूनही राहते. म्हणून शर्यतीच्या टायरचा घर्षणगुणांक १ पेक्षाही जास्त असू शकतो.

ही पकड फुकट मिळत नाही. तुमच्या दप्तरातले खोडरबर घ्या. मऊ खोडरबर छान खोडते, पण लवकर संपते आणि वहीवर चुरा पाडते. टणक खोडरबर वर्षभर पुरते, पण कागद खरवडते. टायरचेही तसेच आहे. मऊ रबर घट्ट पकडते व लवकर झिजते. टणक रबर टिकते, पण कमी पकडते. शर्यतीच्या मार्गाच्या कडेला रबराचा असाच चुरा साचतो आणि त्यावर चाक गेले की गाडी घसरते. शिवाय रबर तापते. शर्यतीचा टायर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम काम करतो. त्याहून फार तापला तर पकड जाते.

झिजेने किती फरक पडतो? वळण घेताना लागणारे अभिकेंद्री बल घर्षणच पुरवते. त्यावरून, सपाट वळणावर जास्तीत जास्त वेगाचा वर्ग = घर्षणगुणांक × गुरुत्वत्वरण × त्रिज्या. वळणाची त्रिज्या १०० मीटर आणि गुणांक १.५ धरा. वेग सेकंदाला सुमारे ३८ मीटर येतो, म्हणजे ताशी १३८ किलोमीटर. झिजेमुळे गुणांक दहा टक्क्यांनी घटला तर वेग ताशी १३१ किलोमीटरवर येतो. काटकोनात वळायला पूर्वीपेक्षा सुमारे ०.२ सेकंद जास्त लागतात. (हवा गाडीला खाली दाबते, तो हिशेब येथे सोडला आहे.) ०.२ सेकंद म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण एका फेरीत दहा-पंधरा वळणे आणि शर्यतीत साठ फेऱ्या असल्या तर?

मग न झिजणारे टायर का बनवीत नाहीत? हा प्रश्न मला वर्गात हमखास विचारला जातो. उत्तरासाठी थोडे अंकगणित करू. समजा, शर्यत ६० फेऱ्यांची आहे आणि टायर बदलायला थांबले की एकंदर २० सेकंद जातात. नव्या टायरवरची पहिली फेरी सर्वांत जलद; पुढची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा ०.१ सेकंदाने मंद. एकदाही न थांबणाऱ्याचे एकूण १७७ सेकंद वाया जातात. मध्यावर एकदा थांबले तर थांबण्याचा वेळ धरून १०७. दोनदा थांबले तर ९७, आणि तीनदा थांबले तर १०२. म्हणजे दोनदा थांबणे उत्तम; आणि हे सगळ्याच चालकांना कळते.

आता झीज अगदी कमी करा: फेरीमागे ०.०१ सेकंद. न थांबणाऱ्याचे १७.७ सेकंदच जातात, थांबणाऱ्याचे मात्र २८.७. साहजिकच कोणी थांबणार नाही. सगळे एकाच चालीने धावतील, आणि ज्या क्रमाने निघाले जवळजवळ त्याच क्रमाने पोचतील. प्रेक्षक जांभया देतील! उलट झीज बेसुमार असली तर चालक टायर जपण्यासाठी मुद्दाम हळू चालवितात. तीही शर्यत नव्हेच, असे माझे मत आहे.

गंमत मधे आहे. झीज फेरीमागे १/१५ सेकंद धरा. एकदा थांबणाऱ्याचे ५८ + २० = ७८ सेकंद जातात आणि दोनदा थांबणाऱ्याचे ३८ + ४० = ७८. दोन्ही बेत बरोबरीचे! काही चालक हा निवडतील, काही तो. मग एकाचे टायर ताजे असताना दुसऱ्याचे जुने असतील. एकाच क्षणी दोघांचे वेग वेगळे, म्हणून एक दुसऱ्याला गाठणार आणि मागे टाकणार. शेवटी कोण जिंकेल ते शेवटपर्यंत सांगता येणार नाही.

हे नुसते कागदावरचे नाही. २०१० साली कॅनडातील फॉर्म्युला वन शर्यतीत टायर अनपेक्षितपणे भराभर झिजले आणि शर्यत कमालीची रंगली. तेव्हा २०११ पासून टायर पुरविणाऱ्या पिरेली कंपनीला मुद्दाम लवकर झिजणारे टायर बनवायला सांगण्यात आले! २०१३ च्या मे महिन्यात स्पेनमध्ये विजेत्या अलोन्सोला चार वेळा थांबावे लागले, आणि हे अति झाले अशी ओरड झाली.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ६० फेऱ्यांची शर्यत झाली. प्रत्येकाला मऊ आणि मध्यम असे दोन्ही प्रकारचे टायर वापरणे भाग होते. मऊ टायरवर १५ फेऱ्या आणि मध्यम टायरवर ३५, याहून जास्त जाऊ नका, असा कंपनीचा सल्ला होता. सर्वांत पुढे असलेला व्हेटेल दुसऱ्याच फेरीअखेर थांबला, त्याने मऊ टायर काढून टाकले, तो घोळक्यात मागे पडला आणि एकेकाला ओलांडीत शेवटी जिंकला. सतराव्या क्रमांकावरून निघालेला ग्रोजाँ एकदाच थांबून तिसरा आला. रायकोनेनने सातव्या फेरीला बदललेले टायर पन्नासच्या आसपास फेऱ्या ताणले. अखेरच्या टप्प्यात तो दुसरा होता. मग पकड एकदम गेली आणि एकामागून एक गाड्या त्याला ओलांडून गेल्या. शेवटी त्याने नाइलाजाने टायर बदलले, आणि अगदी शेवटच्या फेरीत साऱ्या शर्यतीतली सर्वांत जलद फेरी मारली! तरी क्रमांक आला सातवा.

याच रायकोनेनला २००५ सालीही टायरने दगा दिला होता. त्या वर्षी शर्यतीत टायर बदलायलाच बंदी होती. जर्मनीतील न्यूरबर्गरिंगवर ब्रेक दाबताना चाक अडकून त्याचा पुढचा टायर एका जागी सपाट झाला. सपाट जागा प्रत्येक फेऱ्याला रस्त्यावर आपटे आणि गाडी थडथडे. आघाडीवर असताना शेवटच्या फेरीत चाकाची जोडणी मोडली. पुढच्या वर्षी ती बंदी उठली.

वरच्या हिशेबात एक सोय आम्ही करून घेतली आहे: झीज प्रत्येक फेरीला सारखीच वाढते, असे धरले. रायकोनेनची गोष्ट सांगते की टायर बराच वेळ बरा चालतो आणि मग एकाएकी ढासळतो. शिक्षकांनी वर्गात याचा आलेख जरूर काढून घ्यावा. आणि तुम्ही एवढे करून पाहा: थांबण्याला २० ऐवजी २५ सेकंद लागत असतील, तर दोन्ही बेत बरोबरीला यायला फेरीमागे किती झीज हवी? उत्तर १/१२ सेकंद यायला हवे.