पूल पाडला, राडारोड्याचं काय?

पुण्यात वारज्याहून महामार्गाने मुंबईच्या दिशेने निघालं की चांदणी चौक लागतो. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून उडवला. तरी तो पुरता पडला नाही! सळयांनी दाद दिली नाही. उरलेलं काम यंत्रांनी केलं. पूल कमकुवत नव्हता, वाहतुकीला अपुरा पडला होता. नवा उड्डाणपूल १२ ऑगस्ट २०२३ ला खुला झाला.

आयआरसी ११२ या संहितेत पुलाचं आयुष्य साधारण १०० वर्षं धरतात. वाहतुकीचा अंदाज चुकला की त्यातलं निम्मंही पदरात पडत नाही. पर्यावरणपूरक पूल म्हणजे आधी हा अंदाज नीट बांधणं. सौरदिवे नंतर.

पाडकामातली खडी नव्या पुलात घालावी म्हटलं तर आयएस ३८३ (२०१६) हे मानक आड येतं: सळयांच्या काँक्रीटमध्ये कमाल २० टक्के, तेही एम-२५ प्रतीपर्यंतच. गर्डरचं काँक्रीट त्याहून बरंच वरच्या प्रतीचं. पायाखालच्या कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये मात्र ही खडी पूर्णपणे चालते.

खरी बचत सिमेंटमध्ये आहे. स्लॅग सिमेंटमध्ये लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी २५ ते ७० टक्के असू शकते, म्हणजे तेवढा क्लिंकर भाजावा लागत नाही. शिवाय असं काँक्रीट पाणी कमी झिरपू देतं.

मुठेवर पुढचा पूल होईल, तेव्हा सिमेंट कोणतं आणि नदीपात्रात खांब किती, हे वारजेकरांनी आराखड्यातच तपासावं.