छत बद्द वाजलं तर

पाथरीत विहीर खणणाऱ्यांकडून मी एक आवाज ओळखायला शिकलो. सुरुंग उडाला, धूर निवळला की पहिला माणूस यारीच्या दोराने खाली उतरतो आणि पहारीने कडेचा काळा दगड ठोकत जातो. खणखणीत वाजला तर दगड जागचा हललेला नाही. चिरलेल्या मडक्यासारखा बद्द वाजला तर तो सुटलाय. आधी तो पाडायचा, मग बाकीच्यांनी उतरायचं.

पाथरीखाली लाव्हारसाचा कातळ आहे, कोळसा नाही. तो विदर्भात, वर्धेच्या खोऱ्यात. पण चंद्रपूर-बल्लारपूरच्या भूमिगत खाणींतही जीव याच आवाजावर अवलंबून असतो. तिथे ठोकणाऱ्याला सरदार म्हणतात, मायनिंग सरदार. त्याला परीक्षा द्यावी लागते; प्रमाणपत्राशिवाय हे काम मिळत नाही. पाळीच्या सुरुवातीला आणि सुरुंगानंतर तो एका हाताने काठी छताला मारतो आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवून ठेवतो. कानाला चकवणारी थरथर बोटांना कळते. छत सुटलेलं वाटलं की ड्रेसर लांब सब्बलीने तो थर खाली ओढतो. ओढताना स्वतः भक्कम छताखाली उभं राहायचं, हा पहिला धडा.

भारतातल्या भूमिगत कोळसा खाणींत छत कोसळून गेलेल्यांची संख्या वर्षानुवर्षं सगळ्यांत मोठी राहिली आहे. कोळसा काढताना आधी आडव्याउभ्या गल्ल्या खोदतात आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. नंतर परत फिरताना ते खांबही काढून घेतात, त्याला डीपिलरिंग म्हणतात. मागे उरलेली पोकळी म्हणजे गोफ. तिथलं छत पडू देतात. माणूस मात्र त्याच्या काठावर काम करत असतो. पूर्वी आधार लाकडी टेकूंचा असे. भार वाढला की लाकूड करकरतं आणि माणसाला पळायला क्षण मिळतो. म्हणून जुन्या कामगारांचा लाकडावर जीव. आता छतात भोकं पाडून पोलादी रूफ बोल्ट सिमेंटने किंवा रेझिनने बसवतात. आधार जास्त पक्का, पण पोलाद लाकडासारखं बोलत नाही. त्यामुळे काठी सुटलेली नाही.

पाण्यापुढे मात्र काठीही कामाची नाही. 10 डिसेंबर 1954 रोजी छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसलं आणि 63 माणसं गेली. तेव्हा छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते, नागपूर राजधानी. ती माणसं मला परकी वाटत नाहीत. पुढे 1957च्या कोळसा खाण नियमांत असं आलं की पाणी साठलेल्या जुन्या खोदकामाच्या 60 मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय जायचं नाही. गेलात तर पुढे किमान तीन मीटर भोक पाडत राहायचं. एवढ्या साध्या ओळींमागे किती घरं आहेत!

जखमांचंही माप ठरलेलं होतं. 1952च्या खाण कायद्यानुसार हाड मोडलं किंवा अवयव कायमचा गेला तर ती गंभीर दुखापत असे. तेवढी नसली, पण 72 तास किंवा जास्त काळ कामावर येता आलं नाही, तर ती वरिष्ठांना कळवण्याजोगी ठरे. सुजलेला हात बांधून कोणी तिसऱ्या दिवशी सकाळीच पाळीवर आला, तर त्या रकान्यात तो नसे. हजेरीच्या काळजीने माणसं येत, असं मला वाटतं, आणि ते मला टोचतं.

तरी तिथे रकाना आहे, सरदार आहे, निरीक्षक येतो. विहीर ही खाण नव्हे. पाथरीच्या शिवारात पहिला उतरणारा माणूस हेच ठोकण्याचं काम करतो, कुठल्याही प्रमाणपत्राशिवाय, बहुतेकदा हेल्मेटशिवाय. दगड डोक्यात पडला तर खाणीच्या कुठल्याच वहीत त्याचं नाव येत नाही. यारीवाला दोर वर ओढतो, आणि खाटेवर घालून त्याला रस्त्यापर्यंत नेतात.